रिसर्पिनचं स्टँडर्ड: पावडर घ्यावी की तयार अँप्युल?

एलसी-एमएस (द्रावणातले घटक कॉलममध्ये वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं मशीन) चालवणाऱ्या माणसाला रिसर्पिनची, म्हणजे सर्पगंधेच्या मुळातल्या औषधी रेणूची, ओळख करून द्यावी लागत नाही, नवीन मशीन बसवायला आलेला इंजिनिअर बहुतेक वेळा तेच इंजेक्ट करून ६०९ चं पीक, म्हणजे त्या वजनाचा सिग्नल, दाखवतो. पण नंतर रोजच्या चेकसाठी स्वतःचं स्टँडर्ड (तुलनेसाठीचा माहीत असलेला नमुना) विकत घ्यायची वेळ येते तेव्हा पावडर घ्यायची की तयार द्रावण, किती घ्यायचं, कसं ठेवायचं, सर्टिफिकेटवर नेमकं काय बघायचं, हे फारसं कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मी दोन्ही प्रकार वापरलेत, तपकिरी काचेच्या व्हायलमधली पावडर आणि सील केलेल्या अँप्युलमधलं द्रावण, आणि वेगवेगळ्या सप्लायरकडचे लॉट हाताळलेत. कंपन्यांची नावं देत नाही कारण मुद्दा कंपनीचा नाहीये, रेणूचा आहे आणि तो विकला कसा जातो याचा आहे.

आधीच सांगून टाकतो, मास स्पेक (एलसी-एमएसमधला वजन मोजणारा भाग) तपासायला रिसर्पिनइतकं गुणी स्टँडर्ड मला दुसरं मिळालेलं नाही. मार्क जातात ते पॅकिंगमध्ये आणि सोबतच्या कागदांमध्ये.

हा सर्पगंधेच्या मुळातला इंडोल अल्कलॉइड, सूत्र सी३३एच४०एन२ओ९, रेणूभार ६०८.७ च्या आसपास. पाच रिंगांचा सांगाडा, त्यातल्या पहिल्या दोन म्हणजे इंडोल, त्या इंडोलवर एक मेथॉक्सी, शेवटच्या रिंगवर अजून एक मेथॉक्सी आणि दोन एस्टर, एक साधा मेथिल एस्टर आणि दुसरा ट्रायमेथॉक्सीबेन्झोइक अॅसिडचा. कायरल सेंटर, म्हणजे जोडणीची दिशा उलटू शकते असे कार्बन, सहा. नायट्रोजन दोन आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. इंडोलमधला नायट्रोजन स्वतःची इलेक्ट्रॉनजोडी अॅरोमॅटिक रिंगला देऊन बसलाय त्यामुळे तो बेसिक नाही, प्रोटॉन घेतो तो दुसरा, चार नंबरचा टर्शरी नायट्रोजन, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात) ६.६ च्या आसपास, म्हणजे बेस म्हणून मवाळच. पण मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिड असलं की तिथला पीएच ३ च्या खाली असतो, तेवढ्यात हा जवळजवळ पूर्ण प्रोटोनेट होतो आणि इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा करणाऱ्या सोर्समध्ये, मस्त उडतो. अॅसिड असूनही सी१८ (तेलकट थर असलेल्या) कॉलमवर व्यवस्थित धरला जातो कारण बाकीचा रेणू भरपूर तेलकट आहे, म्हणजे सॉल्व्हंट फ्रंटमध्ये वाहून जायची भीती नाही आणि पीकचा आकारही छान येतो.

फ्रॅगमेंटेशनबद्दल तर मी कितीही बोलू शकतो. प्रोटोनेटेड रिसर्पिन ६०९.२८ ला दिसतो. कोलिजन एनर्जी (गॅसवर आदळवून आयन तोडायचा जोर) दिली की सगळ्यात ठळक येतो तो १९५, हा ट्रायमेथॉक्सीबेन्झॉइल कॅटायन, म्हणजे एस्टरचा तुकडा. तोच एस्टर दुसऱ्या पद्धतीने तुटून पूर्ण ट्रायमेथॉक्सीबेन्झोइक अॅसिड, म्हणजे २१२, बाहेर पडलं की ३९७ उरतो. त्यातून मेथॅनॉल गेलं की ३६५. मधली रिंग उघडून मेथॉक्सी इंडोलचा १६१ चा तुकडा गळाला की ४४८ मिळतो आणि इंडोलवाली बाजू प्रोटॉन घेऊन बसली की १७४. म्हणजे एकाच इंजेक्शनमध्ये १७४ पासून ६०९ पर्यंत ओळखीचे टप्पे मिळतात, मास कॅलिब्रेशन सरकलंय का, कोलिजन सेलमध्ये गॅस नीट आहे का, क्वाड्रुपोलचं (वजनानुसार आयन गाळणाऱ्या भागाचं) रिझोल्यूशन बरोबर आहे का, सगळं एका स्पेक्ट्रममधून कळतं. ६०९ आणि १९५ ची जोडी पुरेशी आहे असं बरेच जण म्हणतात पण मी ३९७ आणि ४४८ पण ठेवतो, कारण १९५, ३९७ आणि ४४८ या तिघांचं एकमेकांशी प्रमाण बदललं की कोलिजन एनर्जीमध्ये किंवा गॅसच्या प्रेशरमध्ये काहीतरी हललंय हे पीकचा एरिया पडायच्या आधीच समजतं.

आता जिथे काळजी घ्यायला लागते तिथे येऊ. रिसर्पिनला उजेड आणि हवा दोन्ही मानवत नाही. कोरडी पावडर तशी बरी टिकते, पांढरी ते फिकट पिवळसर असते आणि उजेडात ठेवली तर हळूहळू गडद होत जाते. द्रावणात मात्र हे फार पटकन होतं. तीन आणि चार नंबरच्या मध्ये डबल बाँड तयार होतो, दोन हायड्रोजन जातात, आणि ३,४-डीहायड्रोरिसर्पिन बनतं जे पिवळं असतं आणि यूव्ही लॅम्पखाली पिवळट हिरवं चमकतं. त्यातून अजून दोन हायड्रोजन गेले की ल्युमिरिसर्पिन. मासमध्ये हे ६०७ आणि ६०५ ला दिसतात. चांगली गोष्ट अशी की हा रेणू बिघडला की लपवत नाही, रंग बदलतो, चमकतो आणि ३९० नॅनोमीटरच्या आसपास नवीन शोषण दाखवतो जिथे शुद्ध रिसर्पिन जवळजवळ काहीच दाखवत नाही. त्यामुळे डायोड अॅरे डिटेक्टर (अनेक तरंगलांबींचं शोषण एकदम मोजणारा) असेल तर २६८ सोबत ३९० चा ट्रेस चालू ठेवा, फुकटात स्टँडर्डची तब्येत कळते. जुन्या फार्माकोपियातली नायट्राइटची परीक्षा याच गोष्टीवर उभी आहे, नायट्रस अॅसिडने मुद्दाम ऑक्सिडेशन करायचं आणि तयार झालेला पिवळा रंग ३९० ला मोजायचा.

या कारणासाठी मी पारदर्शक व्हायलमध्ये आलेला माल सरळ परत पाठवतो. हो, आलाय असा माल! एका सप्लायरने पावडर साध्या पारदर्शक काचेत भरून बाहेरून फक्त पुठ्ठ्याचा डबा दिलेला, डब्यावर प्रकाशापासून दूर ठेवा असं छापलेलं, म्हणजे त्यांना माहिती आहे. डबा एकदा उघडला की व्हायल बेंचवरच राहते ना, रोज कोण परत डब्यात घालतं. तपकिरी काच ही इथे किमान अपेक्षा आहे, त्यात आर्गॉन किंवा नायट्रोजन भरून दिलं असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट उजेडाइतकी दिसत नाही पण मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आयसोरिसर्पिन. तीव्र अॅसिड आणि उष्णता मिळाली की तीन नंबरच्या कार्बनवरच्या हायड्रोजनची दिशा उलटते आणि ३-आयसोरिसर्पिन तयार होतं. वजन तेच, ६०९, आणि रेणूतला तो एस्टरही जागच्या जागीच असल्यामुळे १९५ पण येतो, यूव्हीसुद्धा २६८ च्या आसपास तसाच. म्हणजे कॉलमने वेगळं केलं नाही तर मास स्पेकला पत्ताच लागत नाही. खूप छोटा कॉलम आणि घाईचा ग्रेडियंट लावून एका मिनिटात रिसर्पिन चेक करणारे लोक हे दोन्ही एकाच पीकमध्ये मोजत असू शकतात. मशीनची सेन्सिटिव्हिटी बघायची असेल तर फरक पडत नाही हे खरंय, पण तेच स्टँडर्ड मुळाच्या अर्कातलं रिसर्पिन मोजायला वापरणार असाल तर फार फरक पडतो, कारण आयसोरिसर्पिन हे औषध म्हणून रिसर्पिन नाही.

आणि या एका कार्बनची गोष्ट रसायनशास्त्रात चांगलीच गाजलेली आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांच्या गटाने १९५६ मध्ये रिसर्पिनचं पूर्ण संश्लेषण जाहीर केलं, तेव्हा त्यांच्याकडे आधी तयार झालं होतं ते आयसोरिसर्पिनच, कारण जास्त स्थिर तेच आहे. साध्या अॅसिडने उलट दिशेला नेणं शक्य नव्हतं. मग त्यांनी शेवटच्या रिंगवर लॅक्टोन बांधून रेणूला अशा अवघड बैठकीत बसवलं की आता आयसो रूपच अस्थिर झालं, आणि पिव्हॅलिक अॅसिडमध्ये झायलीनसोबत उकळल्यावर तो हायड्रोजन आपणहून हव्या त्या बाजूला गेला. मला हे वाचताना आजही भारी वाटतं, स्थिरतेचं गणित उलटं करून निसर्गाचा आयसोमर मिळवला. आपल्या व्हायलमध्ये नेमकं त्याच्या उलट घडू शकतं म्हणून अॅसिडिक स्टॉक गरम करायचा नाही, सोनिकेटरमध्ये अर्धा तास सोडून जायचं नाही, पाणी तापतं त्यातलं.

अल्कलीचा त्रास वेगळा. बेसमध्ये दोन्ही एस्टर तुटतात आणि रिसर्पिक अॅसिड, मेथॅनॉल आणि ट्रायमेथॉक्सीबेन्झोइक अॅसिड असे तीन भाग होतात. म्हणून अमोनियावाल्या जास्त पीएचच्या मोबाइल फेजमध्ये स्टॉक बनवून आठवडाभर ठेवायची आयडिया सोडून द्या.

विरघळण्याचं सांगतो कारण पावडर घेणाऱ्यांना पहिली अडचण तिथेच येते. पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. क्लोरोफॉर्ममध्ये आणि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडमध्ये सहज जातं, १ ग्रॅमला साधारण ६ मिली क्लोरोफॉर्म पुरतं, अॅसिटोन मात्र ९० मिलीच्या आसपास लागतं, आणि मेथॅनॉल इथेनॉलमध्ये थोडंच. पण क्लोरोफॉर्ममधलं द्रावण उजेडात लवकर बिघडतं आणि एलसीला ते तसंही नको असतं. मी अॅसिटोनायट्राइल किंवा मेथॅनॉलमध्ये अगदी थोडं फॉर्मिक अॅसिड घालून पातळ स्टॉक बनवतो, मिलीला ०.१ मिलिग्रॅम इतकाच, त्याच्यावर जात नाही. लोक मिलीला १ मिलिग्रॅम करायला जातात, मेथॅनॉलमध्ये वरून स्वच्छ दिसतं पण फ्रिजमध्ये ठेवलं की तळाशी बारीक कण बसायची शक्यता असते आणि मग प्रत्येक डायल्यूशन वेगळं येतं. तपकिरी व्हायल, छोटे भाग करून फ्रीझरमध्ये, आणि एकदा बाहेर काढलेला भाग परत आत नाही. पिकोग्रॅमच्या पातळीवरचं डायल्यूशन त्याच दिवशी बनवायचं. ते पूर्ण पाण्यात बनवू नका, निम्मं तरी ऑरगॅनिक ठेवा, नाहीतर हा तेलकट बेस प्लॅस्टिकच्या आणि काचेच्या भिंतीला चिकटतो आणि तुम्ही म्हणाल मशीन बिघडलं.

अँप्युलचा फायदा इथेच आहे. वजन करायचं नाही, विरघळवायचं नाही, फोडा आणि डायल्यूट करा. बंद असताना आतली हवा मर्यादित असते त्यामुळे टिकतंही चांगलं. पण एकदा फोडली की तिला झाकण नाही, उरलेलं तुम्हाला तपकिरी व्हायलमध्ये काढून ठेवावं लागतं आणि तिथून पुढे लेबलवरची एक्सपायरी तुमच्या उपयोगाची राहत नाही. हे अँप्युलच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहायला हवं, मी पाहिलेल्यांमध्ये फोडल्यानंतर किती दिवस वापरावं हे कुठेच नव्हतं. अजून एक, अँप्युल कुठल्या सॉल्व्हंटमध्ये आहे ते मागवायच्या आधी बघा, अॅसिडशिवाय शुद्ध अॅसिटोनायट्राइल असेल आणि तुम्ही ते थेट पाण्याने डायल्यूट केलं तर वर सांगितलेला चिकटायचा प्रॉब्लेम लगेच सुरू होतो.

आता सर्टिफिकेट. माझी खरी तक्रार ही आहे. बहुतेक वेळा एकच आकडा मिळतो, एचपीएलसीने शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर, २६८ नॅनोमीटरला. हा एरियाचा टक्का आहे, वजनातला नाही. पाणी किती, उरलेलं सॉल्व्हंट किती, राख किती, हे वजा करून प्रत्यक्षात १ मिलिग्रॅम पावडरमध्ये रिसर्पिन किती आहे हे सांगितल्याशिवाय त्याला क्वांटिटेटिव्ह स्टँडर्ड म्हणणं बरोबर नाही. मशीन ट्यून करायला चालेल, अर्कातलं प्रमाण मोजायला नाही. मी विकत घेताना आता सप्लायरला सरळ विचारतो, क्रोमॅटोग्राम पाठवा, आयसोरिसर्पिन वेगळं दिसतंय का दाखवा, ३९० चा ट्रेस आहे का, पाण्याचं प्रमाण काय. चांगला सप्लायर एका मेलमध्ये पाठवतो. जो टाळतो त्याच्याकडून मी घेत नाही. ऑप्टिकल रोटेशन दिलं असेल तर अजून छान, क्लोरोफॉर्ममध्ये उणे ११८ अंशाच्या आसपास यायला पाहिजे, सहा कायरल सेंटरवाल्या रेणूसाठी ही चाचणी आजही कामाची आहे.

आणि वनस्पतीतून काढलेल्या मालात सोबती येतातच. रिसर्पिन प्रयोगशाळेत बनवता आलं तरी बाजारातलं मुख्यतः मुळातूनच येतं, आणि त्या मुळात एकटं रिसर्पिन नसतं. डिसर्पिडीन म्हणजे इंडोलवरच्या मेथॉक्सीशिवायचं रिसर्पिन, ते ५७९ ला दिसतं आणि त्याचाही १९५ येतो. रेसिनामीन ६३५ ला, त्याचा एस्टर सिनॅमिक अॅसिडवाला म्हणून तुकडा २२१. नवीन लॉट आला की मी फुल स्कॅन घेऊन हे दोन आधी शोधतो. दिसले म्हणून माल वाईट ठरत नाही, पण किती आहेत हे माहीत असलेलं बरं.

या मुळाचा इतिहास आपल्याला जवळचा आहे म्हणून थोडं लिहितोच. सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून अजमलीन आणि बाकीचे अल्कलॉइड वेगळे केले, अजमलीन हे नाव हकीम अजमल खान यांच्यावरून. त्याच साली सेन आणि बोस यांनी रक्तदाबावर आणि मानसिक आजारात या मुळाचा उपयोग होतो हे छापलं. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा १९४९ चा ब्रिटिश हार्ट जर्नलमधला लेख, ज्याने सगळ्या जगाचं लक्ष या झाडाकडे गेलं. स्वित्झर्लंडमध्ये सीबा या औषध कंपनीच्या श्लिटलर, म्युलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये शुद्ध रिसर्पिन वेगळं केलं. पुढे स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन देऊन निपचित पडलेले ससे एल-डोपाने परत हलते केले आणि डोपामिन मेंदूत काय करतं ते कळायला लागलं. आज सर्पगंधा साइट्सच्या (वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, व्यापारावर नियंत्रण आहे, त्यामुळे मूळ कुठून आलं हे सप्लायरने सांगावं ही अपेक्षा मला अजिबात जास्तीची वाटत नाही.

एक गोष्ट विक्रीवाल्या माहितीबद्दल. मशीनच्या ब्रोशरमध्ये १ पिकोग्रॅम रिसर्पिनवर सिग्नल टू नॉइज लाखांत दिलेला असतो. ६०९ ते १९५ च्या (६०९ तोडून १९५ मोजणाऱ्या) चॅनेलमध्ये बॅकग्राउंड जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे नॉइज कुठून मोजला यावर तो आकडा पाहिजे तेवढा मोठा येतो. दोन मशीन अशा आकड्यावर तोलू नका. अगदी कमी मात्रेची सारखी इंजेक्शनं लागोपाठ देऊन एरिया किती हलतो ते बघा आणि त्यावरून डिटेक्शन लिमिट काढा, ते जास्त खरं असतं. यात रिसर्पिनचा दोष काही नाही.

हाताळताना मात्र सांभाळा. हे मिलिग्रॅमच्या अंशात काम करणारं औषध आहे, रक्तदाबाला रोजचा डोस ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम इतका छोटा. मोनोअमीन (डोपामिनसारखे मेंदूतले संदेशवाहक) साठवणाऱ्या पुटिकांवरचा व्हीमॅट पंप ते जवळजवळ कायमचा अडवतं, नवीन पंप तयार होईपर्यंत परिणाम जात नाही, आणि नैराश्याचा धोका नोंदलेला आहे. अमेरिकेच्या एनटीपी (राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रम) यादीत कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांतही नाव आहे. तेव्हा पावडर वजन करताना हातमोजे, मास्क आणि फ्यूम हूड, पंख्याखाली अजिबात नको. ही झंझट नको असेल तर फक्त या एका कारणासाठीसुद्धा अँप्युल घेणं योग्य आहे.

मग काय घ्यावं? मशीनचा रोजचा किंवा आठवड्याचा चेक एवढंच काम असेल तर अँप्युल, छोट्यात छोटी, थोड्या थोड्या मागवा, पाचपैकी साडेचार. अर्क किंवा गोळ्यांमधलं रिसर्पिन मोजायचं असेल तर पावडर, पण वजनातली शुद्धता दिलेली, तपकिरी व्हायलमधली, ती मिळाली तर पाचपैकी पाच आणि फक्त एरिया टक्केवारीची असेल तर तीन. १ ग्रॅमची मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, ती संपेपर्यंत तुम्ही ती इतक्यांदा उघडाल की शेवटी पिवळी पावडर वापरत बसाल.

आणि चेक झाल्यावर सिस्टिम धुवा, हे राहून गेलं होतं. जास्त सांद्रतेचं इंजेक्शन दिलं की ६०९ चा सिग्नल पुढच्या ब्लँकमध्येही (रिसर्पिन नसलेल्या इंजेक्शनमध्ये) येत राहतो, सुईला, रोटरला, सोर्सला चिकटून राहतं. अॅसिटोनायट्राइल, आयसोप्रोपॅनॉल आणि थोडं फॉर्मिक अॅसिड असं नीडल वॉश ठेवा, आणि ६०९ ते १९५ चं पीक ब्लँकमध्ये दिसेनासं होईपर्यंत सॅम्पल लावू नका.